मेस्तांची फुंकर आणि माझी रंगीत अंडी

अंड्याला दोन टोकं असतात, एवढीच माझी लग्नाच्या वेळची अंड्यांविषयीची माहिती होती. मालवणातला एक अख्खा बँड बंद पाडायला तेवढी पुरली.

मी मार्गारेट, बेळगावची. लग्न होऊन मालवणला आले ती गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि तिकडची वाट बंद होती त्या वर्षांत. समुद्र मी तोवर भूगोलाच्या पुस्तकात निळ्या शाईतलाच पाहिला होता. इथे तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा! माडांच्या खोडांमधून तो चकाकायचा, लाट वर यायची, वाळूवर क्षणभर विचार करायची आणि 'राहू दे' म्हणून परत जायची. मी आपली बघत उभी. पाठीमागे चुलीवर दूध.

"गो बाये, दर्यो खंय पळान जाणा नाय. दूध जाता, दूध!" सासूबाई ओरडायच्या.

सासूबाईंना घरात सगळे मांय म्हणत आणि सासऱ्यांना पाय. (कोकणी ख्रिस्तावांत वडिलांना पायच म्हणतात. पण मी नवीन नवीन "पाय, चहा घ्या" म्हटलं की शेजारची जनाकाकी तोंडाला पदर लावायची.) गावात मात्र ते सालू मेस्त. मेस्त म्हणजे वाजंत्र्यांचे मास्तर. चर्चचा बँड त्यांनी उभा केलेला, आणि त्यात कॉर्नेट, म्हणजे तुतारीसारखं आखूड पितळी वाद्य, वाजवायचे ते स्वतः. माणूस बारीक, कानावर केस, चालणं हळू; पण कॉर्नेट ओठाला लागलं की गालांचे दोन नारळ व्हायचे आणि बंदरात नांगरलेल्या होड्यांवरची माणसं वर बघायची.

त्यांच्या वर्षाचा एकच क्षण खरा होता. पास्काची, म्हणजे ईस्टरची, पहाट. पुरुष जेजूची, म्हणजे कबरीतून उठलेल्या येशूची, मूर्ती घेऊन बंदराच्या वाटेने येत. बायका सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, काळ्या ओढणीतली मूर्ती घेऊन माडांतल्या वाटेने येत. चर्चपुढच्या वाळूत मायलेकांची भेट व्हायची, सायबिणीची काळी ओढणी निघायची, आणि त्याच क्षणाला मेस्तांचं कॉर्नेट! तो एक सूर निघाला की चाळीस दिवसांचा उपासकाळ संपला. तोवर आमच्या वाडीत कोंबडीसुद्धा हळू आवाजात ओरडत असे.

त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पास्काच्या आदल्या रविवारी, मेस्त चर्चहून आले ते थेट ओट्यावर बसले. चिंच आणि राख घेऊन कॉर्नेट घासायला लागले. घासता घासता इतकं घासलं की आता त्यातून पलीकडचं दिसेल असं वाटलं.

"काय झाला?" मांयने विचारलं.

"काय नाय."

"काय नाय तर कॉर्नेट कित्याक सोलतास?"

मग कळलं. फादर नवे होते. त्यांनी मेस्तांना बाजूला घेऊन शुद्ध मराठीत सांगितलं होतं, "मेस्त, गेल्या वर्षी सूर थोडा हलला म्हणतात. वय झालं. यंदा कायतानला द्यायचं का?"

कायतान म्हणजे मेस्तांचाच शिष्य. जवान, छाती होडीच्या नाळेच्या टोकासारखी पुढे, आणि मिशीला तेल.

"मगे तुमी काय म्हटलास?"

"म्हटलंय, यंदा सूर हललो तर माझा कॉर्नेट मीच त्याच्या हातात देतलंय."

घरावर अशी काही उदासी पसरली की मला राहवेना. सुनेने अशा वेळी गप्प बसावं. पण मला एक खोड होती. कोणी काहीही दाखवलं की मी म्हणायची, "आमच्या बेळगावात ना..." इथले आंबे खाताना बेळगावचं लोणी, इथला समुद्र पाहताना बेळगावचा तलाव! त्या दिवशीही तोंडातून निघून गेलं, "आमच्या बेळगावात ना, ईस्टरला अंडी रंगवतात. दारात टांगतात. इतकं छान वाटतं!"

खरं सांगायचं तर बेळगावात मी असं अंडं एकच पाहिलं होतं. शाळेतल्या एका परदेशी मदरच्या काचेच्या कपाटात. निळं, त्यावर पांढरी बारीक फुलं. तिच्या देशात बर्फ वितळलं की मुलं अशी अंडी रंगवतात, असं ती म्हणाली होती. शाळेची घंटा होईपर्यंत मी त्या कपाटाला नाक लावून उभी होते, आणि काचेवर माझ्या श्वासाचं धुकं धरलं होतं. त्यापुढे मला त्या अंड्याचं काहीही ठाऊक नव्हतं. पण ते निळं अंडं मला अधूनमधून स्वप्नात यायचं, आणि स्वप्नात यायचं म्हणजे ते आपलंच, असं मी धरून चालले होते.

"अंडी रंगवतत?" मांय म्हणाली. "आणि मगे खातत कशी?"

"खात नाहीत. ठेवतात."

"ठेवतत? सडणत नाय?"

"उकडून ठेवतात ना!"

"म्हंजे उकडून सडवतत!" मांयने कपाळावर हात मारला. "सायबा! माझी अंडी तुका मेळाची नाय हां. आगोदरच सांगतंय."

तिचंही बरोबर होतं. दरवर्षी पास्काला गोव्याहून तिच्या बहिणीकडून बिबिंक यायचं. (अंड्याचा बलक आणि नारळाचा रस, थरावर थर, थरावर थर! ते करणाऱ्याचा दिवस जातो आणि खाणाऱ्याचं भान.) यंदा वाट बंद. म्हणून मांयने यंदा स्वतः करायचं ठरवलं होतं, आणि उपासकाळात अंडी खायची नसल्यामुळे मडक्यात भाताच्या तुसात अंडी साठत होती.

तेवढ्यात माझ्या डोक्यात त्या दोन टोकांचा प्रकाश पडला.

"मांय! दोन्ही टोकांना सुईने भोकं पाडू. एका बाजूने फुंकायचं, दुसरीकडून आतलं सगळं बाहेर. टरफल मला, बलक तुम्हाला!"

मांयने मडक्यातली अंडी बोटाने मोजून पाहिली. फुकटात काही मिळत असेल तर माणूस थोडी मूर्खपणाची किंमत मोजायला तयार होतो. "करा काय ता," ती म्हणाली. "पण एक थेंब भायर सांडलो तर बघ."

शनिवारी सकाळी मी बाजारातून रंग आणला. शिमग्यातला उरलेला होता. दुकानदाराने पुडी बांधता बांधता बजावलं, "पक्को रंग आसा हां बाये. लुगडा फाटात, पण रंग जावचो नाय."

"उत्तम!" मी म्हणाले.

(हा शब्द मला पुढे कित्येक वर्षं घरात ऐकवला गेला.)

हळदीचा पिवळा, निळीचा निळा आणि पुडीतला राणी, असे तीन रंग मी मागच्या पडवीत कालवले. रंग धरावा म्हणून त्यात माडाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतला. मग पहिलं अंडं घेतलं, भोकं पाडली आणि फुंकलं.

काही झालं नाही.

आणखी जोरात फुंकलं. माझ्या कानात 'टक्' झालं आणि समुद्राचा आवाज बंद झाला. तिसऱ्यांदा फुंकलं तेव्हा डोळ्यांपुढे तो बेळगावचा तलाव आला, आणि अंड्यातून एक थेंब बाहेर आला. एक! मी त्या थेंबाला नमस्कार केला. मोठ्या मिनतवारीने ते अंडं रिकामं झालं. रंगात सोडलं तर तरंगायला लागलं! पोकळ अंडं बुडतंय कसलं! बोटाने दाबलं तर दुसऱ्या बाजूने वर. अर्धं राणी, अर्धं पांढरं.

म्हणून मी ठरवलं: आधी रंगवायचं, मग फुंकायचं.

वाचकहो, या एका वाक्यात पुढचा सगळा अनर्थ आहे. पण तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं.

अंडी रंगात बुडवून मी केळीच्या पानावर मांडली. ऊन माडाच्या झापांतून गळत होतं, काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत होता, आणि त्या हिरव्या पानावर ती राणी, निळी, पिवळी अंडी! पाहता पाहता मी पुन्हा काचेच्या कपाटापुढे उभी. किती वेळ गेला कोण जाणे. इनास, म्हणजे माझा नवरा, मागून आला तेव्हा भानावर आले. तो कचेरीत कारकून. शनिवारचा लवकर सुटला होता आणि अंगात पास्कासाठी इस्त्री केलेला पांढरा शर्ट होता. बसतो की नाही ते बघायला घातला म्हणे!

"इनास, जरा फुंकून दे ना."

"त्यात काय?" तो म्हणाला, आणि त्याने अंडं दोन्ही हातांत असं धरलं की जणू चोर पकडलाय. फुंकर बाजूलाच राहिली. अंडं हातातच फुटलं. शर्टावर बलक, बलकावर राणी रंग. आणि ते अंडं नेमकं मडक्याच्या तळातलं, सर्वांत जुनं! वास असा सुटला की अंगणातलं कुत्रं उठून जनाकाकीकडे राहायला गेलं.

"माझो शर्ट!"

"माझां अंडां!" मांय आतून धावली.

या गलक्याने ओट्यावरचे मेस्त उठून आले. आठवडाभर ते कोणाशी बोलले नव्हते. त्यांनी शर्ट पाहिला, टरफलं पाहिली, लाल झालेलं माझं नाक पाहिलं.

"हाड रे हय," ते इनासला म्हणाले. (मालवणीत हाड म्हणजे आण.) "फुंकर ही माझ्या बापाशीची इस्टेट आसा, तुका ती गावाक नाय."

त्यांनी एक राणी अंडं उचललं. दोन बोटांत असं हलकं धरलं की ते हवेतच आहे असं वाटलं. ओठ लावले, डोळे मिटले, आणि खालच्या भोकातून बलकाची सोनेरी तार निघाली! तुटली नाही, थांबली नाही, सरळ पातेल्यात. शेवटी अंड्याच्या तोंडातून 'हूऽऽ' असा एक बारीक आवाज आला, लांबून गलबताचा यावा तसा.

आम्ही सगळे पातेल्यावर वाकलो. मांयसुद्धा!

"आणखी एक हाड," मेस्त म्हणाले. आठवडाभरात त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ऊन आलं होतं.

मी दुसरं दिलं. तिसरं दिलं. ते फुंकत गेले आणि दर अंड्याला तरुण होत गेले. कुंपणावरून जनाकाकीने पाहिलं. ती मासे विकून नुकतीच आलेली, टोपली अजून डोक्यावर. "गो मगो! मेस्तांनू, ह्या काय चल्लाहा?" असं म्हणत ती आत आली, आणि पाहून परत गेली ती आपली बदकाची अंडी घेऊन आली. "माझीय फुंका. माका दारात टांगूक व्हयी."

मग वाडीला कळायला किती वेळ! जो तो अंडी घेऊन हजर. मी रंगात बुडवायची, मेस्त फुंकायचे, बायका 'आऽऽ' म्हणायच्या. आणि सगळा बलक मांयच्या एकाच पातेल्यात! शेवटी पातेलं भरलं तेव्हा प्रश्न आला: यातला कोणाचा किती?

"माझी बदकाची होती," जनाकाकी म्हणाली. "बदकाचो बलक मोठो. माका दोन डवले जास्ती."

"तुजो बलक खंयचो ता दाखय!" मांय पातेल्यापुढे उभी राहिली. "बोट लाव आणि सांग, ह्यो माजो!"

"असा कसा दाखवतलंय? तो काय कपाळाक कुकू लावन इलो?"

मग डवल्याने, म्हणजे करवंटीच्या पळीने, वाटप झालं. ते न्यायाने झालं असं आजही वाडीत कोणी मान्य करत नाही. आमच्या वाट्याला पुरेसं उरलं, आणि मांय खाली-वर निखारे ठेवून बिबिंकाला बसली. शनिवारी उपास, म्हणून चाखायचंही नाही. साखर अंदाजाने. नाक मात्र तिने पातेल्यातच ठेवलं होतं. "वास घेवक पाप नाय," ती म्हणाली.

आणि नेमका त्याच वेळी बँड आला! उद्याच्या सुरांची शेवटची तालीम शनिवारी दुपारनंतर आमच्याच खळ्यात, म्हणजे अंगणात, असायची. क्लॅरिनेटवाला, ट्राँबोनवाला, ढोलवाला, सगळे वाद्यं काखेत मारून फाटकात उभे, आणि समोर त्यांचे गुरू अंडं फुंकताहेत!

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. मेस्त ओशाळले नाहीत. ते मास्तर होते. "येवा रे," ते म्हणाले. "आज हीच तालीम. बारीक फुंकर, लांब फुंकर. जो अंडां न फोडता रिकामां करीत, तो खरो वाजपी."

झालं! त्यांनी वाद्यं माडाला टेकवली आणि खळ्यात रांगेने बसले. फुंऽ, फुस्, हूऽऽ! मी आत-बाहेर धावत रंगवलेली अंडी पुरवत होते. ढोलवाल्याला फुंकायचं काही कामच नव्हतं, पण त्यानेही दोन अंडी हौसेने फोडली.

एकटा कायतान फाटकाशी मिशीवरून हात फिरवत उभा होता. "अंडी फुंकून काय कॉर्नेट वाजता?" तो म्हणाला.

मेस्तांनी अंडं खाली ठेवलं. "येवन बघ तर."

"माका गरज नाय. मी घराक जातंय, माझो सूर घोटतंय." आणि तो गेला. त्याच्या पाठीकडे बघताना मेस्तांचा चेहरा क्षणभर सकाळसारखा झाला. मग त्यांनी पुढचं अंडं जरा जास्तच जोरात फुंकलं.

ऊन उतरलं तेव्हा मी सगळी टरफलं दोऱ्यात ओवून खळ्यातल्या मांडवाला टांगली. वारा समुद्रावरून आला आणि ती हलली. एकमेकांना लागून त्यांचा इतका नाजूक आवाज होत होता की तो ऐकू येतोय की आठवतोय ते कळेना. मावळतीचा उजेड त्यांच्या आतून जात होता. प्रत्येक अंडं म्हणजे एक छोटा कंदील. मांयसुद्धा फडक्याला हात पुसत बाहेर आली, आणि मान वर करून एकेक अंडं बघत फिरली.

"बरा दिसता," शेवटी म्हणाली. मालवणात यापेक्षा मोठी स्तुती नसते.

तेवढ्यात कायतानची बायको आली. "माका थोडी रंगयलेली दितंस, बाये? पोरांका व्हयी." मी उरलेली सगळी तिच्या ओच्यात घातली. रंगवलेली, न फुंकलेली. मला काय, आनंदाचं उधाण आलं होतं!

ती गेल्यावर मेस्त पाणी प्यायला उजेडात आले आणि मांय किंचाळली.

मेस्तांचे ओठ राणी रंगाचे झाले होते. नुसते राणी नव्हे. वरचा ओठ वरच्या बाजूला आणि खालचा खालच्या बाजूला सुजून, मधे पानाचा विडा ठेवावा इतके!

"दुखता?" मांयने विचारलं.

"न्हाय," मेस्त म्हणाले. त्यांना 'नाय' नीट म्हणता येत नव्हतं!

मग खोबरेल लावलं. लिंबू चोळलं. (तेव्हा दुखलं!) राख लावली. रंग ढिम्म. उलट राखेने घासून तो कॉर्नेटसारखा चकाकायला लागला. इनास कोपऱ्यातून म्हणाला, "लुगडा फाटात पण..."

"तू गप!" मी, मांय आणि मेस्त एकदम म्हणालो. लग्नानंतर आम्हा तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

मेस्तांनी कॉर्नेट उचललं, ओठाला लावायला गेले, आणि न लावताच खाली ठेवलं. "सकाळपर्यंत उतरात," ते म्हणाले. पण माझ्याकडे बघितलं नाही. मी पातेली घासायला मागे गेले. आमच्या बेळगावात बायका रडायच्या झाल्या की पातेली घासतात. इथेही तसंच आहे, हे त्या दिवशी कळलं.

पहाटे धुकं होतं. समुद्र दिसत नव्हता, फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. आम्ही बायका सायबिणीला घेऊन माडांतून चाललो होतो. पायाखाली थंड वाळू, हातात मेणबत्त्या, आणि पलीकडून पुरुषांच्या मेणबत्त्यांची रांग धुक्यातून तरंगत येत होती. मला वाटलं, हे मी झोपेत बघतेय. मग पुढे बँड दिसला, आणि झोप उडाली. क्लॅरिनेटचे ओठ राणी. ट्राँबोनचे ओठ राणी. मेणबत्तीच्या उजेडात सगळे नटूनथटून नाटकाला निघाल्यासारखे!

मूर्ती समोरासमोर आल्या. फादरांनी हात उंचावला. सायबिणीची काळी ओढणी हळूच सरकली. मेस्तांनी कॉर्नेट ओठाला लावलं, गाल फुगवले.

फुस्स्.

अंड्यातून निघावा तसा आवाज!

फादरांनी भुवया वर केल्या. मेस्तांनी पुन्हा फुंकलं. फुर्र्. क्लॅरिनेटवाला गुरूच्या मदतीला धावला. त्याचं वाद्य बदकासारखं एकदा ओरडलं आणि मेलं. ट्राँबोनने नळी पुढे नेली, मागे आणली, आवाज आलाच नाही. बिचारा नुसती नळी चालवत राहिला.

फादरांनी मान वळवून कायतानला खूण केली. कायतान मागे होता. तो पुढे आला, पण अगदी सावकाश, हातरुमाल तोंडावर धरून. मला वाटलं भक्तीने रडतोय. त्याने रुमाल काढला.

तेलकट मिशीखाली दोन राणी ओठ! मेस्तांच्याहून मोठे! घरी जाऊन, दार लावून, त्याने पोरांच्या नावाने आणलेलं एकेक अंडं फुंकलं होतं. मेस्तांहून कमी पडायला नको म्हणून!

फुस्स्.

ढोलवाल्याला ती शांतता सहन झाली नाही. त्याने घाबरून एकच मारला, 'धुम्म!' आणि आपल्याच आवाजाला दचकून टिपरू टाकलं.

मग काहीच नाही. नुसती लाट आली, गेली. धुक्यात कुठेतरी भारद्वाज घुमला. सायबिणीचा चेहरा मेणबत्त्यांच्या उजेडात उघडा, समोर तिचा मुलगा, आणि अख्खं गाव श्वास धरून. मी डोळे मिटले. म्हटलं, आता धरणीने पोटात घ्यावं; पण ती वाळू, घेतलं तरी भरतीला परत देणार.

आणि मांय गायला लागली.

माझी सासू! तिचा आवाज म्हणजे सुक्या बांगड्यासारखा, खरखरीत, पण टिकाऊ. तिला कोणी कधी गाताना ऐकलं नव्हतं. घरात वाजवणारा नवरा असल्यावर गाणार कुठे? तिने पास्काच्या गीताची पहिली ओळ उचलली. जनाकाकी शेजारधर्माने बघायला आली होती. तिला शब्द येत नव्हते, तरी तिने सूर धरला. मग बायका, मग पुरुष. धुकं त्या आवाजाने हललं आणि पूर्वेला फिकट पिवळी रेघ उमटली. अंड्यातून बलकाची तार निघावी तशी. (मला दुसरं काही सुचतच नव्हतं!)

मिरवणूक चर्चमध्ये शिरल्यावर मेस्त वाळूत मागे राहिले. मी धीर करून जवळ गेले. "पाय, माझ्यामुळे..."

ते चर्चच्या दारातून आत जाणाऱ्या सायबिणीच्या मूर्तीकडे बघत होते. सुजलेल्या ओठांनी, एकेक शब्द सांभाळत म्हणाले, "इतकी वर्सां मी त्या टायमाक डोळे मिटून वाजवतंय, बाये. ओढणी निघताना सायबिणीचां तोंड कसां दिसता, ता आज पयल्यांदा बघलंय."

मग ते मागेच घुटमळणाऱ्या कायतानकडे वळले आणि कॉर्नेट पुढे केलं. शब्द म्हणजे शब्द! कायतानने दोन्ही हात मागे घेतले. त्याला 'मेस्तांनू' म्हणायचं होतं, पण ओठ मिटेनात. "नेत्तांनू," तो म्हणाला, "नाका नको! तुनीच वाजवा!"

मेस्तांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मेस्तांकडे पाहिलं. राणी ओठांची दोन माणसं! आधी एकाच्या घशातून काहीतरी फुटलं, मग दुसऱ्याच्या. हसता हसता दोघे वाळूत बसले, आणि "दुखता रे, दुखता" म्हणत एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत राहिले.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर सगळा बँड आमच्या मांडवाखाली बिबिंक खायला आला. फादरही आले. त्यांनी टांगलेल्या अंड्यांखाली उभं राहून वर पाहिलं, एका निळ्या अंड्याला बोट लावलं, ते हललं. मला वाटलं, आता बोलणार. पण त्यांनी बिबिंकाचा दुसरा तुकडा मागितला. साखर दुप्पट पडली होती. उपासानंतर कोणाच्या लक्षात आलं नाही.

मेस्तांनी पुढेही पुष्कळ वर्षं वाजवलं. एक बदल मात्र झाला. ओढणी निघायच्या वेळी कॉर्नेट लगेच वाजायचं नाही. ते आधी डोळे उघडे ठेवून बघून घ्यायचे. पोटभर. मग ओठ लावायचे. त्या मधल्या शांततेची गावाला इतकी सवय झाली की ती पूर्वापार चालत आलेली रीत आहे, असं नव्या पोरांना वाटायचं.

फादर त्या दिवशी बोलले नाहीत ते पुढच्या वर्षी, झावळ्यांच्या रविवारी, वेदीवरून बोलले. आधी उपासाचे नियम सांगितले. मग कबुलीजबाबाच्या वेळा. मग चष्मा काढून गंभीरपणे म्हणाले, "आणि आजपासून ईस्टरपर्यंत बँडमधल्या कोणीही इनासच्या मार्गारेटच्या घरी जाऊन कशालाही तोंड लावू नये."

ते फादर बदलून गेले. त्यांच्यानंतरचे गेले. पण ही सूचना दरवर्षी तशीच वाचली जाते. का, ते नव्या फादरांना कोणी सांगत नाही आणि तेही विचारत नाहीत. देवाच्या आज्ञा जगभर दहाच आहेत. आमच्या चर्चमध्ये अकरा आहेत, आणि अकरावीत माझं नाव आहे!